पातेलं रिकामं परत देऊ नये

कॅनडातल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये हिवाळी सहलीचा विषय निघाला. या वेळी नुसतं बीचवर लोळायचं नाही, कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर जाऊन जंगल, इतिहास असलं काहीतरी नीट बघायचं, असं ठरलं आणि सगळ्यांच्या नजरा ललिता गजभियेकडे वळल्या. ललिता ग्वेल्फच्या एका फूड लॅबमध्ये होती, आणि नीरफणसाच्या पिठाच्या कामासाठी तशाच एका बेटावर काही महिने राहून आली होती. एरवी मंडळाच्या कुठल्याही कामाला ती आढेवेढे घ्यायची. या वेळी तिने इतक्या पटकन हो म्हटलं, की शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, यादवरावांच्या, हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

घरी जाताना गाडीत त्यांनी विचारलं, "उल्काताई पण येणार आहेत. ऐकलंस ना?"

"ऐकलं म्हणूनच हो म्हटलं," ललिता म्हणाली.

यादवरावांनी एक सुस्कारा सोडला. ग्वेल्फजवळच्या केंब्रिजमधल्या कार प्लांटमध्ये आयुष्य काढलेला तो शांत माणूस. भांडण म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. "सोड ना आता ते. किती दिवस धरून बसशील?"

"तुम्ही सोडा. वांगी माझी होती."

वांग्यांची गोष्ट अशी. उल्काताई आणि त्यांचे यजमान दीनानाथ मंडळातले जुने, वजनदार लोक. पुण्याचे. केंब्रिजला मोठं घर, खाली पन्नास माणसं मावतील असं बेसमेंट, आणि तिथे दर हिवाळ्यात मंडळाचा पॉटलक, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून आणायचा. पहिल्या भेटीतच उल्काताईंनी आडनाव विचारलं होतं. "गजभिये? अच्छा, म्हणजे नागपूरकडचे," असं म्हणून तोंडभर हसल्या होत्या. त्यानंतर त्या ललिताला भेटायच्या तेव्हा गळ्यात पडायच्या, हात धरून बोलायच्या, साडीचं कौतुक करायच्या. "आम्ही जातबित काही मानत नाही हो," हे वाक्य त्या कुणी न विचारता वर्षातून चार वेळा तरी म्हणायच्या. कुणी विचारलेलं नसताना माणूस हे का म्हणतो, हा प्रश्न ललिताला तेव्हाच पडायला हवा होता.

अशाच एका पॉटलकला ललिताने भरली वांगी नेली होती. तीळ, शेंगदाणे, आणि तिच्या आईची खूण म्हणजे भाजलेलं जवस. आईचंच झाकणाचं स्टीलचं पातेलं, कडेला नाव कोरलेलं. जेवणं झाल्यावर ललिता स्नो बूट आणायला गराजमध्ये गेली. तिथे ओल्या कचऱ्याची ग्रीन बिन इतकी भरली होती की झाकण बसत नव्हतं. आणि सगळ्यात वर, कॉफीच्या चोथ्यावर, तिची वांगी. देठांसकट, अख्खी. एकाही वांग्याला चमचा लागलेला नव्हता.

ती वर आली तर उल्काताई धुतलेलं पातेलं हातात घेऊन उभ्या. "अगं ललिता, दोन मिनिटांत उडाली बघ तुझी भाजी! आणि रिकामं कसं देऊ भांडं?" पातेल्यात मूठभर साखर होती. ललिताच्या तोंडून "थँक यू" निघालं. तेच तिला पुढे सगळ्यात जास्त जाळत राहिलं. घरी आल्यावर तिने ती साखर ड्राइव्हवेच्या कडेला बर्फावर ओतली. बर्फावर ती दिसलीसुद्धा नाही.

तेव्हापासून तिला एकच हवं होतं. उल्काताईंनी तिच्या हातचं मिटक्या मारत खावं, आणि ते कुणाच्या हातचं होतं हे त्यांना चारचौघांत कळावं. माफी नको होती. माफी काय, तोंडाने मागता येते. ललिताला पोटातून हवं होतं.

मार्चच्या सुट्टीत निघायचं ठरलं. बॅग भरताना तिने स्विमसूट काढून ठेवला आणि त्या जागी आईचं पातेलं बसवलं. पातेल्यात जवसाची पुडी, तिळाची पुडी, घरचा काळा मसाला. यादवरावांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं करून मोजे शोधायला गेले.

बेट हिरवंगार होतं. टोरंटोच्या करड्या आभाळातून उतरलेल्या माणसांना त्या हिरव्याने गुंगीच आली. एका मिनीबसमध्ये सगळे मावले. गाइड होते मिस्टर अल्सिड, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले गृहस्थ. डोक्यावर गवती टोपी, आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. डोंगरातली झाडाएवढी नेची, गंधकाच्या वासाचे गरम झरे, किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासविणी, ते सगळं आपल्या घरातलं सामान दाखवावं तसं दाखवत होते. दीनानाथ प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढत होते. उल्काताई सगळ्यांत पुढे, गॉगल डोक्यावर, प्रश्नांची सरबत्ती.

ललिताने पहिल्या दिवशी बसमध्ये धपाटी काढली. सगळ्यांनी घेतली.

"मला नको गं, आज माझी संकष्टी," उल्काताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने चिवड्याचा डबा फिरवला, तर त्यांचं पोट जड होतं. आणि घाटातल्या एका वळणावर एक बाई शेगडीवर नीरफणस भाजत बसली होती, तिथे हेच पोट हलकं झालं. बाईने काप बोटांनी उचलून, मीठ लावून त्यांच्या तळहातावर ठेवला. उल्काताईंनी तो खाल्ला, बोटं चाटली आणि आणखी एक मागितला.

ललिता बसच्या खिडकीतून बघत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईची जात उल्काताईंना माहीत नव्हती, म्हणून ती जात त्यांच्या लेखी नव्हतीच. आडनाव कळलं की घास अडणार. एवढा सगळा समुद्र ओलांडून आल्या, पण सोबत घेऊन आल्या ते तेवढंच.

सहल संपायच्या आदल्या दिवशी मिस्टर अल्सिड त्यांना जुन्या साखरेच्या मळ्यावर घेऊन गेले. पवनचक्कीचा दगडी बुरूज उरला होता, पाती केव्हाच गेली होती. उसाचा रस उकळायच्या काहिली गवतात पालथ्या पडल्या होत्या. टेकडीवर मालकाचा बंगला, आणि त्याच्यापासून बराच खाली, वेगळा बांधलेला, स्वयंपाकघराचा ओटा.

"गुलाम बायका इथे रांधायच्या आणि ताटं घेऊन वर जायच्या," मिस्टर अल्सिड सांगत होते. "आमची म्हातारी माणसं सांगायची, की वाटेत त्यांना शीळ घालत जावं लागे. वर मालकीण कान देऊन बसलेली. शीळ चालू आहे म्हणजे तोंडात घास नाही."

मग उल्काताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ललिताचा दंड धरला. "बघवत नाही गं, ललिता. माणसं होती का कोण? माणसाला इतकं हलकं कसं लेखू शकतं कुणी?"

रडणं खोटं नव्हतं. तेच तर चीड आणणारं होतं. ललिताने त्यांचा हात हळूच सोडवला. ते मालक हरामखोर होते यात शंकाच नव्हती, पण ते त्या बायकांच्या हातचं खात तरी होते. हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने गिळलं. उद्यापर्यंत थांबायचं होतं.

उद्याचं जेवण मिस्टर अल्सिडांची बहीण मिस व्हेरीना हिच्या अंगणात होतं. ललिता बेटावर कामाला होती तेव्हा तिच्याच घरी भाड्याने राहायची. ग्वेल्फहून फोन करून तिने तिला सगळं सांगितलं होतं. व्हेरीना इंग्रजीत म्हणाली, "माझ्या चुलीवर कर, काही हरकत नाही. पण माझ्या अंगणात कुणाला अंधारात ठेवून जेवायला घालत नाहीत. ताटावरून उठायच्या आत तिला सांगायचं."

"सांगायचंच तर आहे," ललिता म्हणाली होती.

सकाळी सगळे जंगलातल्या धबधब्याकडे निघाले तेव्हा ललिताने गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही व्हा पुढे. माझा गुडघा धरलाय. मी जेवायला डायरेक्ट येते."

"अगं, गरम शेक घे," उल्काताई मायेने म्हणाल्या. बस वळणाआड गेली आणि ललिता पातेलं काखोटीला मारून भराभरा व्हेरीनाच्या घराकडे चालू लागली. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

वांगी तिथल्या बाजारातली, लहान, काळसर जांभळी. तिने जवस भाजलं तेव्हा व्हेरीना वास घ्यायला जवळ आली. ललिता एकेक वांगं चिरून मसाला भरत होती. इतकं मन लावून तिने कधी पाहुण्यांसाठी रांधलं नव्हतं. मीठ दोनदा चाखलं. भाजी चांगलीच व्हायला हवी होती.

दुपारी मंडळी घामाने डबडबून आली. अंगणात आंब्याच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. भात, डाळ, तळलेली कच्ची केळी, आणि मधोमध व्हेरीनाच्या चिनीमातीच्या मोठ्या भांड्यात वांगी. ललिता आत, स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराआड उभी होती.

"अय्या, हे तर आपल्यासारखंच!" उल्काताई ओरडल्या.

मिस्टर अल्सिडांनी सांगितलं, की गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून लोक आणले गेले. महिनोनमहिने बोटीत एकाच हंड्यातलं खात आले. वांग्याची भाजी तेव्हापासून या बेटाची झाली.

"बघा, आपली संस्कृती कुठे कुठे पोचली!" उल्काताईंनी भाजी वाढून घेतली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अहाहा. काय चव आहे!" दुसऱ्यांदा वाढून घेतली. रस्सा भातावर ओतून तिसऱ्यांदा.

यादवरावांनी पहिल्याच घासाला मान वर केली, जाळीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून जेवत राहिले.

दीनानाथांनी फोन काढला. "उल्का, दोन शब्द बोल. मंडळाच्या पेजवर टाकू."

उल्काताई ताट हातात घेऊन वळल्या, बोटांना रस्सा लागलेला. "मिस व्हेरीना, यू हॅव मॅजिक इन युवर हँड्स! माय ओन मदर कुड नॉट मेक लाइक धिस!"

"नॉट माय हँड्स, डार्लिंग," व्हेरीना म्हणाली आणि दाराकडे बघितलं.

ललिता बाहेर आली. कमरेला एप्रन, हातात रिकामं झालेलं आईचं पातेलं. "भाजी माझी आहे, उल्काताई. जवस ग्वेल्फहून आणलंय. पातेलं ओळखता का?"

"सरप्राइज!" कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या वाजल्या. उल्काताई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या हातातला घास ताटात परत गेला. त्यांनी हात रुमालाला पुसला, एकदा, आणि पुन्हा एकदा. ताट टेबलावर ठेवलं आणि बोटाने किंचित पलीकडे सरकवलं.

ललिता तेवढ्याचीच वाट बघत होती. "वॉशरूम उजव्या हाताला आहे," ती म्हणाली. "घशात बोटं घालायची असली तर."

टाळ्या थांबल्या.

"ललिता, हे काय बोलणं झालं?" दीनानाथांनी फोन खाली केला.

"सांगते. फोन चालू ठेवा हवं तर." आणि तिने सांगितलं. बेसमेंट, गराज, ग्रीन बिन, अख्खी वांगी, मूठभर साखर. आवाज चढवला नाही. इतक्या वेळा मनात बोलून झालं होतं, की एक शब्दही शोधावा लागला नाही.

"अगं, ती आंबली होती!" उल्काताई घाईने म्हणाल्या. "तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही इतकंच. माझा काय दोष त्यात?"

ललिताला हसू आलं, आणि ते हसू छान नव्हतं. "सकाळी केलेली भाजी, फेब्रुवारीत, दुपारी आंबली. उल्काताई, अन्न कशाने नासतं हे शोधण्याचा मला पगार मिळतो."

टेबलाच्या टोकाला उल्काताईंची सून अपूर्वा बसली होती. वॉटर्लूला आयटीत होती, सासूपुढे फारसं बोलायची नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई," ती म्हणाली, "आंबली नव्हती. तुम्ही मला किचनमध्ये म्हणालात, गजभियेंचं बाजूला ठेव, वाढू नकोस. नंतर टाकून ये म्हणालात. मला वाटलं खूप स्पायसी असेल. ललिताकाकू, आय ॲम सो सॉरी. गराजमध्ये मीच टाकली."

उल्काताई उभ्याच होत्या, ओठांच्या कडेला रस्सा तसाच. ललिताने टेबलावरून नजर फिरवली. आणखी दोघांनी आपली ताटं खाली ठेवली होती. ती कोण, हे तिने नीट बघून ठेवलं. मग पातेलं उल्काताईंच्या हातात दिलं.

"घासून ठेवा आणि ग्वेल्फला आणून द्या. रिकामं देत नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे."

बसमध्ये परत जाताना उल्काताई पातेलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दीनानाथसुद्धा पुढच्या सीटवर जाऊन बसले. निघताना व्हेरीनाने ललिताला कानात विचारलं, "आता बरं वाटतंय?"

"अजून नाही," ललिता खरं तेच बोलली.

परत आल्यावर मंडळात कुजबुज झाली, दोन गट पडले, व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज आले आणि डिलीट झाले. ललिताने एकालाही उत्तर दिलं नाही. चौदा एप्रिल जवळ आला होता, आंबेडकरी असोसिएशनच्या जेवणाची जबाबदारी तिच्याकडे होती. रोज संध्याकाळी ती फोनवर तांदूळ, डाळ आणि हॉलच्या चाव्या यांची व्यवस्था लावत होती.

अशाच एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात उल्काताई, एकट्या. ड्राइव्हवेत गाडी. कडेला उरलासुरला मळका बर्फ, आणि कचऱ्याची गाडी यायची असल्यामुळे बाहेर काढून ठेवलेली ग्रीन बिन. त्यांच्या हातात पातेलं होतं, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं.

"शिरा केलाय," त्या म्हणाल्या. "केळं घालून. माझ्या हातचा." चेहरा उतरला होता. अपूर्वा आणि मुलगा सहलीहून आल्यापासून जेवायला आले नव्हते, हे ललिताच्या कानावर आलं होतं. "चुकलं माझं, ललिता. लहानपणापासून आमच्याकडे… कळत होतं गं, पण हात पुढे होत नव्हता. तू त्या दिवशी मला सगळ्यांदेखत नागडं केलंस. फिटलं असेल आता. आत येऊ? दोघी बसून खाऊ."

ललिताने पातेलं हातात घेतलं. बुडाशी अजून गरम होतं. झाकण उघडलं. वाफ आली, तुपाची, वेलदोड्याची. मग तिने मान वळवून ग्रीन बिनकडे बघितलं. उल्काताईंनीही बघितलं, आणि त्यांचा श्वास थांबला.

चार पावलं टाकली असती की झालं असतं. बर्फातल्या त्या दिवसापासून ललिताने हीच चार पावलं कितीदा मनात टाकली होती. पण तिच्या आईने हे पातेलं विकत घेतलं त्या वर्षी घरात दोन वेळचं शिजत नव्हतं. आईने अन्नाचा कण कधी टाकला नव्हता, अन्न कुणाचं आहे हे तिने कधी विचारलं नव्हतं. ललिताने झाकण लावलं.

उल्काताईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

"नाही," ललिता म्हणाली. "तुम्ही मला घरात घेतलंत आणि माझं अन्न बाहेर टाकलंत. मी अन्न घरात घेते."

आणि तिने दार लावलं.

यादवराव पायजम्यातच खिडकीशी उभे होते. "अगं, आत तरी बोलवायचं. थंडी आहे बाहेर."

"गाडीला हीटर आहे."

गाडी बराच वेळ ड्राइव्हवेत उभी राहिली. कचऱ्याची गाडी आली, बिन उचलली, ओतली आणि गेली, तरी ती उभीच होती. ललिताने दोन वाट्यांत शिरा घेतला आणि दोघे टेबलावर बसून खाऊ लागले. तूप सढळ हाताने घातलं होतं, रवा नीट भाजला होता. यादवराव मान हलवत खात होते. ललिताने पातेल्याला लागलेलंसुद्धा चमच्याने काढून खाल्लं. शिरा चांगला झाला होता, पण तिने तसं यादवरावांनाही सांगितलं नाही.